बिनकामाचा एक दिवस

मोहोळच्या स्थानकावर सकाळी सोलापूरची गाडी धरणाऱ्याला कोणी ओळखीचा भेटला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय काम काढलंत?" उत्तरेही ठरलेली असतात. कोर्टात तारीख आहे, दवाखान्यात दाखवायचे आहे, मुलाच्या दाखल्यासाठी खेटे चालू आहेत, लग्नाचा बस्ता बांधायचा आहे. पण कोणी सरळ म्हणाला, "काम काही नाही, सोलापूर पाहायला चाललो आहे," तर विचारणारा क्षणभर थबकतो आणि मग हसतो. हा मनुष्य काहीतरी लपवीत असावा, अशीच त्याची समजूत होते.

या हसण्याचा थोडा विचार करावा, असे आम्हांला वाटते. मोहोळपासून सोलापूर सुमारे ३५ किलोमीटर. आपल्यापैकी पुष्कळजण तेथे शेकडो वेळा गेले असतील. परंतु किल्ल्याच्या आत पाऊल टाकलेले किती? चार हुतात्म्यांची नावे न अडखळता सांगू शकतील असे किती? आपण सोलापूरला जातो, पण सोलापूर पाहत नाही. एखाद्या पाहुण्याने उठून "तुमच्या जिल्ह्याच्या गावी पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारले, तर आपण "तसे विशेष काही नाही" म्हणून मोकळे होतो, आणि तेच आपण कर्ज काढून म्हैसूर-उटी पाहून आलेलो असतो. म्हणून एकट्याने, थोडक्या खर्चात, एका दिवसात जवळचे शहर कसे पाहावे, हा विषय आम्ही येथे मांडणार आहो.

प्रथम हे पाहू, की बिनकामाच्या प्रवासाची आपल्याला एवढी लाज का वाटावी. आपल्या पूर्वजांनी प्रवास थोडा केला असे नाही. पंढरीची वारी, काशीची यात्रा, चाकरी, व्यापार, सोयरीक या निमित्तांनी माणसे शेकडो कोस चालली. पण प्रत्येक वेळी गाठीला एक कारण असे. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले, ते घरची ओढाताण दक्षिणेच्या द्रव्याने भागावी म्हणून. वाटेत १८५७ चा प्रळय त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि 'माझा प्रवास' लिहून ठेवला. आज त्यांच्या दक्षिणेचा हिशेब कोणाला नको असतो. त्यांनी काय पाहिले, ते वाचण्यासाठी आपण ते पुस्तक उघडतो. निघण्याचे कारण त्यांच्यापुरते राहिले आणि पाहणे मात्र सर्वांच्या उपयोगी पडले.

पश्चिमेकडेही स्थिती वेगळी नव्हती. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडात टॉमस कुक या गृहस्थाने लेस्टरहून लफबरो या गावापर्यंत सुमारे ५०० माणसे आगगाडीने नेऊन परत आणली. तिकीट एक शिलिंग, अंतर उणेपुरे बारा मैल, म्हणजे मोहोळहून सोलापूरपर्यंतचे अर्धेच म्हणाना! पुढे जगभर पसरलेल्या प्रवासधंद्याची ही एक प्रसिद्ध सुरुवात. परंतु तेव्हाही निमित्त हवेच होते, आणि ते होते मद्यपाननिषेधाच्या सभेचे. 'मौज म्हणून जातो' असे म्हणण्याचे धैर्य त्या लोकांनाही नव्हते. पण गाडी स्वस्त झाली, एका दिवसात परत येता येऊ लागले, आणि निमित्ताची गरज हळूहळू उरली नाही. आपल्याकडे मुंबई-पुण्याकडून येणारा लोहमार्ग मोहोळवरून सोलापुरास पोहोचला तो १८६० साली, म्हणजे लेस्टरच्या त्या सफरीनंतर अवघ्या एकोणीस वर्षांनी. गाडी आपल्या दारी लवकर आली. निमित्त मात्र आपण अजून सोडले नाही.

आता एकट्याने का जावे, ते सांगतो. मंडळी जमवून जाण्यात आनंद आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु चारजण मिळून गेले की चौघे एकमेकांनाच पाहतात. एकाला भूक लागलेली असते, दुसऱ्याला उन्हाचा त्रास होतो, तिसऱ्याला बाजारात जावयाचे असते. शेवटी सर्वांना मान्य होईल अशी एकच गोष्ट उरते आणि ती म्हणजे जेवण. एकटा मनुष्य जेथे मन रमेल तेथे तासभर थांबू शकतो, आणि जेथे रमत नाही तेथून कोणाची परवानगी न घेता निघू शकतो. शिवाय त्याला वाट विचारावी लागते, आणि वाट विचारण्यासारखा शहर जाणण्याचा दुसरा मार्ग नाही. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा शेजारी नांदतात. एका चौकात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कानडी हेलाच्या मराठीत मिळते, पुढच्या चौकात तेलुगू वळणाच्या. शहर कसे घडले, याचा पहिला पाठ तेथेच मिळतो.

खर्चाचे म्हणाल तर तो चार भागांत मांडावा : जाण्यायेण्याचे भाडे, एक जेवण व दोन चहा, किल्ल्याचे किरकोळ प्रवेशमूल्य, आणि शहरातल्या शहरात एखादी रिक्षा. परतीचे भाडे आधीच वेगळे गाठीला बांधून ठेवावे, म्हणजे मन मोकळे राहते. जेवणास खाणावळ बरी. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर दही एवढ्यावर मनुष्य संध्याकाळपर्यंत निभावतो, आणि ही चव त्या शहराच्या ओळखीचाच एक भाग आहे. पाण्याची बाटली घरून न्यावी. खर्च वाढतो तो दोन ठिकाणी : पायी जाण्याजोग्या अंतरासाठी केलेल्या रिक्षेत, आणि 'आलोच आहे तर' म्हणून केलेल्या खरेदीत. या दोहोंना आवर घातला, तर असा दिवस ज्याला मुळीच परवडणार नाही अशी घरे थोडी निघतील.

पाहावे काय? येथे आमची एकच सूचना आहे : यादी करू नये, सूत्र धरावे. दहा ठिकाणे धावत पाहिलेला मनुष्य रात्री घरी येतो तेव्हा त्याच्याजवळ दहा नावे असतात. पण एक प्रश्न घेऊन निघालेल्याला तीन ठिकाणेही पुरतात. सोलापूरसाठी आम्ही प्रश्न सुचवितो तो असा : हे गाव येथे का वसले, आणि त्याला मोठे कोणी केले?

सुरुवात सिद्धेश्वराच्या तळ्यापासून करावी, आणि ती सकाळी लवकर, उन्हाच्या आधी. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळी येथे सिद्धरामेश्वर होऊन गेले. त्यांनी कन्नडात वचने रचली, गावाभोवती ६८ लिंगे स्थापिली आणि लोकांकरवी तळे खोदविले, असे परंपरा सांगते. पाण्याने वेढलेल्या त्या देवळात उभे राहून आजूबाजूस नजर टाकावी. आपला मुलूख अवर्षणाचा. येथे संत होऊन ज्याने उपदेशाबरोबर कुदळही हाती दिली, त्याच्या नावाने शहर आजही ओळखले जाते, यात नवल नाही. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा सात नंदीध्वज मिरवीत या ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते. जत्रेत आपण सर्वजण जातो, पण गर्दीत देऊळ दिसत नाही. ते पाहण्यासाठी आडदिवशीच गेले पाहिजे.

तळ्याच्या काठालाच भुईकोट आहे. डोंगरी किल्ल्याला डोंगराचा आधार असतो. सपाटीवरच्या किल्ल्याला सगळा आधार स्वतःच उभा करावा लागतो. म्हणून येथे एकात एक असे दोन तट आहेत, बाहेर खंदक आहे आणि एका अंगाला तळ्याचे पाणी. शत्रूने पहिला तट घेतला, तरी तो दोन भिंतींमधल्या पट्ट्यात सापडावा आणि आतल्या उंच तटावरून त्याच्यावर मारा करता यावा, अशी ही योजना. तटाच्या दगडांकडे निरखून पाहावे, म्हणजे जुन्या देवळांचे कोरीव दगडही त्यांत बसविलेले दिसतात. किल्ल्याच्या आत देवळाचे अवशेष आहेत, तशी मशीदही आहे. एकाच आवारात कितीतरी राजवटी एकीवर एक रचलेल्या आहेत.

बहामनी राज्य मोडल्यावर हा किल्ला अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या भांडणाचे मूळ होऊन बसला, आणि ते भांडण मोठे घरगुती होते. १५२४ च्या सुमारास विजापूरची राजकन्या नगरास दिली, तेव्हा सोलापूर आंदण देण्याचे ठरले, पण दिले गेले नाही. म्हणून लढाया झाल्या. पुढे नगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, तेव्हा सोलापूर खरोखरच आंदणात गेले. या सोयरिकीने सुलतानांची जी एकी झाली, तिच्या बळावर १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला. सोलापूरच्या एका किल्ल्याच्या देण्याघेण्याचा धागा थेट तुंगभद्रेच्या तीरापर्यंत जाऊन पोहोचतो. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने किल्ला पेशव्यांच्या लोकांकडून घेतला, आणि लढायांचा हा अध्याय संपला.

किल्ल्यावरून निघून पार्क चौकाच्या बाजूस आले की चार हुतात्म्यांचे पुतळे लागतात. आपली वाहने त्यांना वळसा घालून रोज जातात. ५ मे १९३० रोजी महात्मा गांधींना अटक झाल्याचे वृत्त आले आणि सोलापूर पेटले. गोळीबार झाला, पोलीस ठाणे जळाले, पोलीस मारले गेले, आणि काही दिवस शहरावर सरकारचा अंमल असा उरलाच नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. ही चार नावे सावकाश उच्चारून पाहावीत. सोलापूरच्या वस्तीतील निरनिराळे समाज या नावांतच एका ओळीत उभे राहतात. आपली मुले हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात वाचून पाठ करतात. ती जागा घरापासून एका तासावर आहे, हे त्यांना कोणी सांगतही नाही.

जवळच वारद घराण्याने बांधविलेली इंद्रभवन ही वास्तू आहे. पुढे तेथूनच शहराचा कारभार चालू लागला. तिच्या दर्शनी भागावरील कोरीव काम बाहेरून पाहण्यास काही पडत नाही. त्यानंतर भैय्या चौकाच्या बाजूस डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जन्मघर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. १९१० साली या घरात जन्मलेला मुलगा १९३८ साली काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेला, युद्धात जखमी झालेल्यांची शुश्रूषा करीत राहिला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच मरण पावला. शांतारामबापूंनी १९४६ साली त्याच्या चरित्रावर चित्रपट काढला. चीनमधून येणारे पाहुणे हे घर पाहण्यास येतात. मोहोळहून किती जातात, हे ज्याचे त्याने आठवावे.

दुपार टळली की पूर्वभागाकडे वळावे. साखर पेठ, अशोक चौक या बाजूस मागांचा आवाज कानी पडू लागतो. आपण सर्वजण सोलापुरी चादर पांघरून लहानाचे मोठे झालो, पण ती नक्षी उमटते कशी, हे सांगणारा विरळा. चादरीची फुलवेल छापलेली नसते, विणलेली असते. मागाच्या वर जकार्ड नावाचे यंत्र असते. १८०४ च्या सुमारास फ्रान्सातील जकार या विणकराने ते सिद्ध केले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ त्यावर फिरते. भोक असेल तेथे आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागाही उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. मग मधून बाणाचा धागा धावतो आणि नक्षीची एक ओळ पुरी होते. पुढचा पुठ्ठा, पुढची ओळ. पुष्कळ चादरींत एका बाजूस नक्षीचा जो रंग, तोच उलट बाजूस जमिनीचा असतो. घरी जाऊन पांघरूण उलटे करून पाहावे. भोक आहे की नाही, एवढ्याच भाषेत यंत्राला हुकूम देण्याची ही युक्ती पुढे गणकयंत्रे घडविणाऱ्यांनाही उपयोगी पडली.

हे माग चालविणारी पद्मशाली मंडळी पुष्कळशी तेलंगणातून आली. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर गिरणगाव झाले. भोंग्यावर घड्याळ लावणारे शहर ते हेच. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. सकाळी घेतलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे पुरे होते : पाण्याने गाव वसविले, किल्ल्याने ते राखले, आणि धाग्याने ते मोठे केले. रिकाम्या आवारांपाशी उभा राहणारा एखादा वृद्ध कामगार अजून भेटतो. पाळी कधी सुटे, भोंगा कसा वाजे, हे तो तोंडपाठ सांगेल, पण त्याला कोणी विचारले पाहिजे. पुढच्या पाच-दहा वर्षांत विचारायचे म्हटले, तरी सांगणारा राहणार नाही. म्हणूनच हा दिवस पुढे ढकलू नये, असे आम्ही कळकळीने म्हणतो.

येथवर ऐकून एखादी भगिनी मनात म्हणत असेल, की हे सर्व पुरुषांना ठीक आहे. नेमके हेच आमच्या मनात सलते आहे. पुरुष बिनकामाचा गेला तर लोक हसतात. बाई बिनकामाची एकटी गेली तर लोक बोलतात. पैशाची अडचण पुष्कळ कमी झाली आहे. २०२३ सालापासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे भाडे आहे, आणि ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून भाडेच नाही. तरीही पुष्कळ घरांतून बाई सोलापूरला जाते ती मुलाच्या औषधासाठी किंवा नणंदेच्या साडीसाठी, आणि तीही कोणाच्या तरी सोबतीने. तीस वर्षे संसार करून स्वतःसाठी एक दिवस घराबाहेर न काढलेल्या स्त्रिया आपल्या गल्लोगल्ली आहेत. त्यांना भाडे अर्धेच द्यावे लागते एवढ्याने भागत नाही. त्यांना रजा द्यावी लागते, आणि ती घरच्यांनीच द्यावयाची असते. त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला, तर आभाळ कोसळत नाही.

सावधगिरी मात्र घ्यावी, आणि ती सर्वांनीच. कोठे जाणार व कोणत्या गाडीने परतणार, हे घरी एकाला सांगून ठेवावे. वर्दळीचे रस्ते धरावेत. स्थानक, देऊळ, बाजार अशा ठिकाणी स्वच्छतागृहाची सोय आधी पाहून ठेवावी, कारण सोय नसल्याने बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग ऊन लागते. एप्रिल-मे महिन्यांत तर बारा ते चार उन्हात हिंडूच नये. तो वेळ जेवणाला आणि कोठेतरी सावलीत बसण्याला द्यावा. दिवेलागणीपूर्वी गाडीत बसावे.

कोणी विचारील, याचा उपयोग काय? आम्ही एवढेच सांगू, की ज्या शहरात आपले खटले चालतात, आपली मुले शिकतात आणि आपली दुखणी बरी होतात, ते केवळ खिडक्यांची आणि रांगांची जागा म्हणून ओळखणे हे आपले दारिद्र्य आहे. रांगेत उभा असलेला मनुष्य शहराला भितो. तेच शहर सावकाश हिंडून पाहिलेला मनुष्य त्यात ताठ मानेने वावरतो. दुसऱ्या खेपेस तो कचेरीत जाईल तेव्हाही त्याचे पाऊल वेगळे पडेल.

आणि एकदा ही दृष्टी आली, की ती दूरच्याच गावापुरती राहात नाही. आपल्या मोहोळातही नागनाथाचे देऊळ आहे आणि १८६० साली आलेला लोहमार्ग आहे. शेजारी वडवळ आहे. सोलापूरच्या वाटेवर लांबोटीपाशी सीना आहे, आणि तेथे चिवड्यासाठी थांबणारे आपण पुलावर उभे राहून नदीकडे पाहत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यात एक दिवस सोलापूरसाठी काढावा आणि त्याच्या पुढच्या महिन्यात एक दिवस मोहोळसाठी. खर्च पहिल्यापेक्षा दुसऱ्याचा आणखी कमी येईल.